बंदूक मागवलीत, मग केस तुमच्यावरच! : पोलीस अधीक्षकांना खुले पत्र

प्रति,
मा. पोलीस अधीक्षक साहेब,

(जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. आमच्या साहेबांना त्यांची प्रत स्पीड पोस्टाने गेली आहे. इतर जिल्ह्यांतल्या साहेबांनीही हे आपल्यालाच लिहिलंय असं समजून वाचायला हरकत नाही.)

महोदय,

मागच्या आठवड्यात आपल्या कार्यालयातून एक पत्रक निघालं. ‘ऑनलाइन शस्त्र मागवणाऱ्यांची गय केली जाणार नाही.’ वर पिस्तुलाचं चित्र, खाली बेड्यांचं. सकाळी साडेसातला ते आमच्या पालकांच्या ग्रुपवर आलं आणि पाचव्या मिनिटाला एकाने विचारलं, ‘ताई, हे तुमच्यासाठीच का?’ त्यांनी गमतीने विचारलं असेल. माझा त्या दिवशी डबा तसाच घरी आला.

बेकायदा कट्टे विकणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना जरूर पकडा. त्यात कुणाचं दुमत असायचं कारण नाही. पण त्या पत्रकात एक ओळ हवी होती ती नव्हती. बंदूक विकतो असं सांगून नुसतेच पैसे उकळणारी खोटी दुकानं इंटरनेटवर मांडलेली आहेत, त्यात फसलेल्यांनी न घाबरता ठाण्यात यावं, अशी ओळ. ती का नसावी याचा अंदाज मला त्रेचाळीस दिवसांपूर्वी आपल्याच एका ठाण्यातल्या बाकावर बसून आला होता.

मी एका पतसंस्थेत कारकून आहे, सोनेतारण विभागात. लोकांचे डाग, म्हणजे दागिने, तोलायचे, पावती करायची, हे सतरा वर्षं चाललंय. मुलगी दहावीत आहे आणि दहा मीटर एअर रायफल खेळते. हे शेवटचं वाक्य ठाण्यात चार जणांना चार वेळा समजावून सांगावं लागलं, म्हणून इथे एकदाच नीट लिहिते.

दहा मीटरवर कागदाचं लक्ष्य असतं. त्यातला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. टोकदार पेन्सिल नुसती टेकवावी एवढा. रायफल दाबलेल्या हवेवर चालते, छर्रा साडेचार मिलिमीटरचा असतो, पाचशेचा डबा मिळतो. बार नाही, धूर नाही. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या बोअरची (म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाची) आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची हवेची बंदूक घ्यायला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या रायफलीची ऊर्जा त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. याच खेळात अभिनव बिंद्राला २००८ साली बीजिंगला सुवर्णपदक मिळालं आणि ठाणे शहराचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला जगज्जेता झाला. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला कांस्यपदक घेतलं (ते पन्नास मीटरचं, खऱ्या काडतुसाचं), त्यानंतर दोन महिन्यांत आमच्या रेंजवरची मुलं दुप्पट झाली.

रेंज म्हणजे मंगल कार्यालयाच्या वरचा हॉल. लग्नाची तिथ दाट असली की सराव बंद. खाली बँड सुरू झाला की वर ट्रिगरवरचं बोट हलतं. बावीस मुलं आणि चार रायफली, चारही उजव्या हाताच्या. आमची मुलगी डावखुरी. सरांनी ग्रिपला सुती पट्टी गुंडाळून, गाल टेकायची पट्टी खालीवर करून दीड वर्ष भागवलं. शेवटी तेच म्हणाले, आता हिला डाव्या हाताची स्वतःची घ्या, नाहीतर गुण आहेत तिथेच अडकतील. नवी जर्मन रायफल अडीच लाखांच्या पुढे. जुनी मिळते, पण डाव्या हाताची जुनी म्हणजे शोधून सापडायची नाही.

आणि ती सापडली. फोनवर, जाहिरातीत, पैसे भरून दाखवलेल्या. दुकानाचा पत्ता पुण्याचा. ‘लेफ्ट हँड, एकदाच वापरलेली, १,३५,०००.’ पानावर विक्रेत्याच्या परवान्याचा फोटो, जीएसटी क्रमांक, रायफलीचे नऊ फोटो, कुलपाचं चिन्ह. ग्रिपच्या एका फोटोत लाकडावर घामाचा काळा डागसुद्धा होता. वापरलेल्या वस्तूचा तो डाग बघूनच माझा विश्वास बसला. डाग बघून दागिना ओळखणारी बाई मी!

गुरुवारी ४८,५०० आगाऊ भरले. माझ्या दोन पाटल्या माझ्याच काउंटरवर तारण ठेवून. शुक्रवारी ‘वाहतूक परवान्याचे’ १८,०००, माल मिळाला की परत. शनिवारी ‘पार्सलच्या विम्याचे’ २२,०००, तेही परत मिळणारे. एकूण ८८,५००. तिसऱ्या वेळी यूपीआयवर नाव आलं ते एका मोबाइल रिचार्जच्या दुकानाचं. मी विचारलं, तर उत्तर आलं, ‘मॅडम, वो हमारे अकाउंटंट का है।’ मी गप्प बसले. पतसंस्थेत एखादा खातेदार असं बोलला असता तर मी त्याला मॅनेजरकडे पाठवलं असतं.

त्याच रात्री नऊला दुसऱ्याच नंबरवरून फोन. ‘क्राइम ब्रांच से बोल रहा हूँ, आपके नाम का वेपन पार्सल पकड़ा गया है।’ साठ हजारांत मिटवतो म्हणाला. मी म्हटलं, एअर रायफलला परवाना लागत नाही. तो म्हणाला, वो पुलिस को समझाना, बंदूक मंगाई है, केस आप पर ही बनेगा.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, पंधरा मिनिटांत तक्रार नोंदली गेली, पोचपावतीचा क्रमांक आला. त्या पलीकडच्या मुलीचे आभार मानायचे राहिले, ते इथे मानते. तिने एकदाही विचारलं नाही की बंदूक कशाला हवी होती.

रविवारी सकाळी मी मुलीला घेऊन ठाण्यात गेले. पहिला प्रश्न हाच. बंदूक कशाला हवी होती? दुसरा, लायसन्स आहे का? तिसरा, मिस्टर कुठे आहेत? नियमाची छापील प्रत मी नेली होती; ती टेबलावर पालथी पडून राहिली, तिच्यावर कुणीतरी चहाचा कप ठेवला. तासाभराने एक साहेब आले. उभ्या उभ्या ऐकलं आणि म्हणाले, ‘बंदूक मागवलीत ना? उलट तुमच्यावरच केस होईल.’

साहेब, आदल्या रात्रीचंच वाक्य होतं ते, फक्त मराठीत. ठगाला ते कुठून सुचलं असेल याचा आपणच विचार करावा. लोक पोलिसांकडे जाणार नाहीत, गेले तर त्यांनाच दरडावलं जाईल, याची त्याला खात्री होती आणि ती खोटी ठरली नाही. साड्यांच्या, मोबाइलच्या, कुत्र्याच्या पिल्लांच्या खोट्या दुकानांतही माणसं फसतात. पण तिथे फसलेला माणूस शरमेने गप्प बसतो, बंदुकीच्या बाबतीत भीतीने. हे गिऱ्हाईक बोलणार नाही, हाच या धंद्यातला खरा नफा.

माझ्या तक्रारी आता क्रमाने लिहिते.

पहिली तक्रार : गुन्हा दाखल न करता नुसता ‘तक्रार अर्ज’ घेतला. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारीच करू शकतो (कलम ७८), आणि निरीक्षक साहेब बंदोबस्तावर आहेत, असं सांगण्यात आलं. तपासाला निरीक्षक लागतो हे मान्य. गुन्हा नोंदवून घ्यायला त्यांची वाट का बघायची? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ हद्दीचंही कारण चालू देत नाही. तरी मला ‘खातं परराज्यातलं आहे, तिकडे जा’ हेही ऐकवलं गेलं. त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमाप्रमाणे ठाण्याने नाकारलेली माहिती टपालाने अधीक्षकांना कळवता येते. आपल्याला गेलेली प्रत ही तीच माहिती आहे असं समजावं.

दुसरी तक्रार लिहिताना मन कचरतं, कारण तिच्यात एका भल्या बाईचा संबंध आहे. ठाण्यातल्या एका महिला शिपायाने मुलीला पाणी आणून दिलं, मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, ‘ताई, अर्जात बंदूक लिहू नका, खेळाचं साहित्य लिहा. लवकर होईल.’ मी तसं लिहिलं. तिचा हेतू चांगलाच होता. पण १९३० वरच्या नोंदीत ‘एअर रायफल’, अर्जात ‘खेळाचं साहित्य’, म्हणून आता बँकेतून विचारणा होते की ही तक्रार तीच कशावरून? माझ्या ८८,५०० पैकी ११,२०० रुपये परराज्यातल्या एका खात्यात रोखून धरलेले आहेत. ते मिळवायला गेले की गुन्ह्याचा नंबर मागतात. अर्जाला नंबर नसतो. बाकीचे पैसे केव्हाच पुढच्या आणि त्याच्या पुढच्या खात्यांत गेले. ज्यांची खाती भाड्याने घेतलेली असतात ते बहुधा कुणीतरी गरजू असतात, दोन-पाच हजारांत पासबुक आणि सिमकार्ड देऊन मोकळे होतात. पतसंस्थेत बसून असे चेहरे मला ओळखता येतात. पण ते धागे सुरुवातीच्या दिवसांत ओढले तरच हाती लागतात. त्रेचाळीस दिवसांनी काय लागणार?

तिसरी : ते दुकान अजून उघडं आहे. काल रात्री पाहिलं. नाव बदललंय, पत्ता आता नागपूरचा आहे, रायफल तीच, ग्रिपवरचा डाग तोच. मी जाहिरातीखाली तक्रार केली, तर ‘आमच्या नियमांचा भंग आढळला नाही’ असं ठरावीक उत्तर आलं. माझ्यासारखीच्या तक्रारीला हेच उत्तर येणार. पोलिसांच्या पत्राला येणार नाही. ते पत्र गेलं का, हे मी दोनदा विचारलं. उत्तर नाही.

चौथी तक्रार माझी नाही. परवान्याच्या फोटोवरचं नाव शोधत मी खऱ्या दुकानदारापर्यंत पोचले. दिल्लीतलं जुनं दुकान. म्हातारे गृहस्थ फोनवर शांतपणे म्हणाले, ‘बेटी, इस महीने की आप चौथी हैं।’ त्यांचाच परवाना, त्यांचाच जीएसटी क्रमांक. तो क्रमांक ०७ ने सुरू होत होता. ०७ म्हणजे दिल्ली. पुण्याचं दुकान असतं तर २७ असायला हवा होता. सतरा वर्षं कागद तपासणारीला हे आधी दिसलं नाही, याची बोच पाटल्यांपेक्षा जास्त आहे. पण त्या गृहस्थांनीही आपल्या भागात तक्रार दिली होती, आणि तिचंही पुढे काही झालेलं नाही. इंदूरच्या ज्या मुलाच्या रायफलीचे ते नऊ फोटो आहेत, त्याने आपली रायफल विकलेलीच नाही. तो रोज तिच्यावर सराव करतो. म्हणजे एका खोट्या दुकानामागे तीन घरं फसलेली, आणि तिन्ही ठिकाणी कागद वेगवेगळ्या फायलींत पडून.

पाचवी : माझ्या माहेरच्या भावकीतल्या एका काकांकडे शेतीच्या राखणीसाठी बारा बोअरच्या बंदुकीचा परवाना आहे. रानडुकरांनी भुईमूग उकरून टाकला की ते रात्री मळ्यात असतात. ‘काडतुसं घरपोच’ अशा जाहिरातीला त्यांनी पंधरा हजार भरले. काडतुसं परवान्यावर नोंद करून दुकानातूनच घ्यावी लागतात हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, पण तालुक्याला दुकान राहिलेलं नाही, शहरात जायचं तर दिवस मोडतो. त्यांना म्हटलं, तक्रार द्या. म्हणाले, ‘पोरी, नूतनीकरण तोंडावर आलंय. परवाना जाईल.’ त्यांनी चूक केली, हे तेही कबूल करतात. पण त्यांच्या भीतीमुळे ठगाचा एक नंबर, एक खातं आपल्यापर्यंत पोचलंच नाही.

जे मुळात परवान्याशिवाय पिस्तूल शोधत होते आणि फसले, त्यांची वकिली मी करत नाही. त्यांचं कायदा बघेल.

माझा भाचा अमेरिकेत, टेक्सासला असतो. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, मावशी, इथे हे जुनं झालं. तिथे दुकानातून ऑनलाइन घेतलेली बंदूक सरळ घरी येत नाही. गावातल्या परवानाधारक दुकानात येते, तिथे फॉर्म भरायचा, तपासणी होते, मग हातात मिळते. खोटी दुकानं नेमकी ‘थेट घरपोच’ म्हणतात, आणि तो वळसा टाळायला माणसं भुलतात. २०२० मध्ये करोनाच्या दिवसांत बंदुका आणि काडतुसांचा तुटवडा झाला तेव्हा अशी दुकानं कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवली होती. मात्र तिथे परवान्याचे आकडे टाकून दुकान खरं की खोटं हे बघायची सोय सरकारी संकेतस्थळावर आहे. बंदुकांच्या बाबतीत अमेरिकेचं काही घ्यावं असं मला कधी वाटलं नव्हतं, पण एवढं घेण्यासारखं आहे.

आता मागण्या. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही.

माझ्या अर्जावर गुन्हा नोंदवावा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ (फसवणूक) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ड (संगणकाच्या आडून तोतयेगिरी करून फसवणूक). अर्जातलं ‘खेळाचं साहित्य’ हे ‘एअर रायफल’ असं दुरुस्त करून घ्यावं. मी सही करायला येईन.

जिल्ह्यातल्या प्रत्येक ठाण्यात ठाणे अंमलदाराच्या टेबलावर एका पानाची सूचना लावावी : कोणत्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही, आणि शस्त्रखरेदीत फसलेला माणूस आला तर आधी फसवणुकीची फिर्याद घ्यायची. त्याने स्वतः काही बेकायदा केलं असेल तर ते नंतर स्वतंत्रपणे बघता येतं. दोन्ही एकाच दमात विचारलं की तो उठून जातो.

जिल्हाधिकारी कार्यालयाशी बोलून परवानाधारक शस्त्रविक्रेत्यांची यादी, पत्ता आणि दुकानाच्या फोनसह, जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकावी. मी शोधली, मला सापडली नाही. शेजारच्या जिल्ह्यांनाही तसं सुचवावं, कारण ठग नेहमी दूरच्या शहराचा पत्ता देतो.

कळलेल्या प्रत्येक खोट्या दुकानाबद्दल जाहिरात दाखवणाऱ्या कंपनीला आणि संकेतस्थळाची नोंदणी करणाऱ्याला लेखी कळवावं, आणि कळवल्याची तारीख तक्रारदाराला सांगावी. माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे जाहिरात दाखवणाऱ्या त्या कंपन्यांना साध्या नागरिकाच्या तक्रारीचीही पोच २४ तासांत द्यावी लागते. मग पोलीस ठाण्याकडून पोच मिळायला मला तीन तास बसावं का लागावं?

आणि ते पत्रक बदलावं. बेड्यांचं चित्र राहू द्या, हवं तर. खाली १९३० हा नंबर मोठ्या अक्षरांत छापा, आणि ती राहिलेली ओळ घाला.

जिल्ह्यातल्या क्रीडा अधिकाऱ्यांना आणि नेमबाजी संघटनांच्या पदाधिकाऱ्यांनाही दोन शब्द. जुन्या रायफली विकत घ्यायला पालक जाहिरातींच्या मागे लागतात, कारण तुमच्याकडे विचारायची सोय नाही. कोणाची रायफल विकायची आहे, डाव्या हाताची की उजव्या, तिचा हवेचा सिलिंडर कोणत्या सालचा, याची एक वही ठेवायला किती खर्च येतो? स्पर्धेच्या दिवशी ती वही टेबलावर असली तरी पुरे.

मुलगी पुन्हा उजव्या हाताच्या रायफलीला सुती पट्टी गुंडाळून सराव करते आहे. पाटल्या अजून तारणात आहेत, त्यांचं व्याज दर महिन्याला मीच माझ्या नावावर लावते. ठाण्यातून परतताना तिने रिक्षात एकच विचारलं, ‘आई, आपण काही चुकीचं केलं का?’ मी नाही म्हटलं. तिला ते पटलं की नाही, कळलं नाही.

अर्जाची पोच माझ्याकडे आहे. तिच्यावर गोल शिक्का आहे, तारीख आहे, आणि ‘गु.र.नं.’ म्हणजे गुन्ह्याच्या नंबरापुढची जागा मोकळी आहे. येत्या सोमवारी सकाळी अकराला मी ठाण्यात येते आहे. नियमाची नवी प्रत आणते, जुनीवर चहा सांडला होता.

आपली विश्वासू,
एक पालक